मसजिद बंदर ते माझगाव: वडिलांनी रस्त्यावर काढलेल्या जुन्या छायाचित्रांची मांडणी कशी करावी?

प्रश्न: अंजीरवाडी

माझे वडील मसजिद बंदरातील एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत कारकून होते आणि आम्ही माझगावला राहत होतो. कचेरी सुटली की ते बसने न येता चालत येत, आणि गळ्यात कॅमेरा असे. आरंभी तो आग्फा क्लिक थ्री होता, पुढे त्यांनी दोन भिंगांचा यशिका घेतला. साधारण १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९९०च्या दशकापर्यंत त्यांनी चकला स्ट्रीट, सॅम्युअल स्ट्रीट, पायधुणी, भेंडीबाजार, डोंगरी, इमामवाडा, नवाब टँक आणि म्हातारपाखाडी या भागांत कृष्णधवल छायाचित्रे काढली. त्यांचा हा छंद घरात सर्वांना माहीत होता, परंतु निगेटिव्ह किती आहेत याची कल्पना त्यांच्या पश्चात कपाट उघडल्यावरच आली. प्रत्येक रोल कागदी पाकिटात ठेवलेला असून पाकिटावर बहुधा रस्ता आणि वेळ एवढेच लिहिलेले आहे, उदाहरणार्थ ‘खडक, दुपार’ (खडक ही तेथलीच एक वस्ती) किंवा ‘इमामवाडा, मोहरम’. साल क्वचितच आढळते.

यांतील काही छायाचित्रे मी प्रकाशाच्या पेटीवर ठेवून पाहिली. एकात पोत्यांनी भरलेल्या हातगाड्यांची रांग आहे आणि मागच्या भिंतीवर गुजराती, उर्दू, मराठी व इंग्रजी अशा चार लिप्यांतील पाट्या आहेत. एकात सॅम्युअल स्ट्रीटवरील दारात टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ उभे आहेत. एकात नवाब टँकजवळ दाराच्या दोन्ही अंगांना चिनी अक्षरांच्या उभ्या पट्ट्या लावलेल्या दिसतात. म्हातारपाखाडीतील लाकडी जिने, गोडीजी मंदिराबाहेरची चपलांची रास आणि मोगल मशिदीच्या दर्शनी भागासमोरून जाणारी बुरख्यातील मुलगी हीही त्यांत आहेत.

ही छायाचित्रे क्रमाने लावून इतरांपुढे ठेवावीत अशी माझी इच्छा आहे. मुसलमान, ज्यू, पारशी, ख्रिस्ती, चिनी, गुजराती आणि मराठी असे समाजवार विभाग करावेत असे मनात आहे, कारण या परिसराची विविधता त्यातून चटकन लक्षात येईल असे वाटते. ही मांडणी योग्य ठरेल काय? साल नसलेल्या छायाचित्रांचा काळ कसा ठरवावा? आणि ज्यांचे चेहरे स्पष्ट ओळखू येतात, परंतु ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, अशा माणसांची छायाचित्रे प्रसिद्ध करावीत की नाही? ज्यांनी या भागात छायाचित्रे काढली आहेत किंवा जे तेथे राहिले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: दुपारचे_ऊन

ताई, सर्वप्रथम एक विनंती करतो. समाजवार विभाग करू नका. तुमच्या वडिलांनी समाज टिपलेले नाहीत, ते एका वाटेने चालत गेले आहेत, आणि या संग्रहाचे मोल त्या चालण्यात आहे. रोलमधील चौकटींचा क्रम हा त्या संध्याकाळच्या वाटेचा क्रम आहे. तो एकदा मोडला तर पुन्हा जुळवता येणार नाही.

याला या शहरातला एक जुना संदर्भ आहे. मुंबईत छायाचित्रणाची सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्याच काळात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे काढून ती १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील माणसे बव्हंशी एका जागी उभी करून टिपलेली होती आणि नंतर त्यांच्या आकृती कापून दुसऱ्याच छायाचित्रातल्या देवळाच्या, घाटाच्या किंवा रस्त्याच्या पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या होत्या. म्हणजे हा भाटिया, हा पारशी, हा कोळी असे प्रत्येकाला वेगळे काढून त्याच्या पाठीमागे त्याला शोभेल असा देखावा लावायचा. तंत्र म्हणून ते काम थोर आहे आणि मी ते आदराने पाहतो, परंतु भाटियाच्या शेजारी रस्त्यावर नेमका कोण उभा होता हे त्यातून कधीच कळत नाही. तुमच्या वडिलांच्या हातगाड्यांच्या छायाचित्रात चार लिप्या एकाच भिंतीवर आहेत. ते छायाचित्र तुम्ही कोणत्या समाजाच्या विभागात ठेवणार?

पायधुणीच्या चौकात उभे राहिले तर गोडीजी पार्श्वनाथाचे जैन मंदिर, मुंबादेवीचे देऊळ, मिनारा मशीद आणि झकारिया मशीद ही सर्व ठिकाणे काही मिनिटांच्या चालीवर आहेत. दक्षिणेला क्रॉफर्ड मार्केटकडे वळले की १८०२ साली बांधून झालेली आणि आत पाण्याचे कुंड असलेली जामा मशीद लागते. या भागात छायाचित्र काढणाऱ्याला विविधता शोधत जावे लागत नाही. ती चौकटीत आपोआप येते, आणि बहुधा कडेला येते: मुख्य माणूस मधोमध असतो आणि दुसऱ्याची टोपी, तिसऱ्याची पिशवी, चौथ्याच्या दुकानाची पाटी काठावर अर्धवट कापलेली असते. म्हणून छापताना किंवा स्कॅन करताना कडा कापू नका. या परिसराची साक्ष त्या कडांतच आहे.

आता काळाविषयी. चेहरे व कपडे यांच्यापेक्षा अचेतन वस्तू अधिक विश्वासू असतात. पाटीवरील पत्त्यात ‘मुंबई ३’ किंवा ‘मुंबई ९’ असा एक आकडा असेल तर ती पाटी १५ ऑगस्ट १९७२ पूर्वी रंगवलेली असण्याची शक्यता मोठी, कारण सहा आकडी पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ४०००१० असा माझगावचा पूर्ण क्रमांक दिसला तर छायाचित्र निश्चितपणे त्यानंतरचे आहे. उलट निष्कर्ष मात्र सांभाळून काढावा, कारण दुकानदार जुनी पाटी वर्षानुवर्षे बदलत नाहीत. वाहनांवर ‘एमएच ०१’ अशी अक्षरे असतील तर काळ १९८९ नंतरचा, कारण राज्यवार दोन अक्षरांची पद्धत नव्या मोटार वाहन कायद्यासोबत आली. पाटीवरील दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल तर तो या शतकातला. माझगावच्या छायाचित्रांत रस्त्यावर दोन समांतर विजेच्या तारा लटकताना दिसल्या तर विशेष काळजीने पाहा. गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर १९६२ ते १९७१ या काळात बेस्टची ट्रॉलीबस धावत होती आणि तिच्या तारा पुढे निघाल्या. ट्रामचे रूळ वापरात दिसले तर छायाचित्र ३१ मार्च १९६४ पूर्वीचे ठरेल, कारण शेवटची ट्राम त्या रात्री धावली.

तुमच्या वडिलांची वाट मसजिद बंदर ते माझगाव अशी असल्यामुळे त्यांनी सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळचा हँकॉक पूल पुष्कळदा ओलांडला असेल. एकोणिसाव्या शतकातला तो पूल २०१६च्या जानेवारीत पाडण्यात आला. मसजिद बंदराजवळचा कर्नाक पूल २०२२ साली पाडला. या दोन पुलांवरून किंवा त्यांच्या कठड्यांजवळ काढलेल्या चौकटी सर्वांत आधी वेगळ्या नोंदवा, कारण त्या उंचीवरून आणि त्या कोनातून ते रस्ते आता पुन्हा दिसणार नाहीत.

प्रकाशाचीही नोंद घ्या. महमद अली रोडवर आज जो सावलीचा पट्टा दिवसभर पडलेला असतो तो जे. जे. उड्डाणपुलामुळे पडतो. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा हा पूल २००२ साली खुला झाला. त्यापूर्वी दुपार कलल्यावर पश्चिमेकडच्या गल्ल्यांच्या तोंडातून ऊन तिरपे येई आणि समोरच्या फुटपाथवरील माणसांच्या चेहऱ्यांपर्यंत पोहोचे, तर वरच्या मजल्यांवरील लाकडी गॅलऱ्या रस्त्यावरून उघड्या आकाशाखाली दिसत. आज त्या गॅलऱ्यांच्या समोरून मोटारी धावतात. तुमच्याकडे त्या रस्त्याची उन्हातली छायाचित्रे असतील तर पाकिटावरची ‘दुपार’ ही नोंद मथळ्यात जशीच्या तशी ठेवा. तुमच्या वडिलांना साल महत्त्वाचे वाटले नाही आणि वेळ महत्त्वाची वाटली, यावरून ते जाणते छायाचित्रकार होते असे मी समजतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही छायाचित्रात येणार नाही याची हळहळ वाटते. भेंडीबाजार घराण्याची गायकी याच परिसरात वाढली. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेतून येथे येऊन स्थायिक झाले, मूळ गोव्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे अमान अली खाँसाहेबांनी लता मंगेशकरांना तालीम दिली. त्या गल्ल्यांचा आवाज गेला. निदान गॅलऱ्या कशा होत्या ते तरी तुमच्याकडे असेल.

उत्तर: अंधारखोली

मी निगेटिव्हच्या जतनाचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

पाकिटे उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रोल तत्काळ इतरांपासून वेगळे करा. ॲसिटेटच्या फिल्मचे विघटन सुरू झाल्याची ती खूण आहे आणि बंद डब्यात तो परिणाम शेजारच्या रोलपर्यंत पोहोचतो. असे रोल आधी स्कॅन करावेत, कारण फिल्म एकदा आक्रसू लागली की ती सपाट बसत नाही. मुंबईच्या दमट हवेमुळे कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशीही आढळेल. ती पाण्याने किंवा ओल्या कापडाने पुसू नका, कारण बुरशीने पोखरलेला जिलेटिनचा थर पाणी लागताच निघून येऊ शकतो. सुती हातमोजे वापरा, धूळ हवेच्या फुग्याने उडवा आणि जुन्या पाकिटांऐवजी आम्लरहित कागदाची किंवा पॉलिप्रॉपिलिनची पाकिटे घ्या. बाजारात मिळणारी मऊ पीव्हीसीची पाकिटे घेऊ नयेत. जुनी पाकिटे मात्र फेकू नका. त्यांवरील हस्ताक्षरासह त्यांचेही छायाचित्र काढून त्या रोलच्या क्रमांकाखाली ठेवा.

स्कॅन सोळा बिटचा आणि टिफ स्वरूपात ठेवावा. फिल्मच्या काठासकट स्कॅन करा, कारण काठावर फिल्मचे नाव आणि चौकटीचा क्रमांक छापलेला असतो. त्या काळी आपल्याकडे पूर्व जर्मनीची ओर्वो आणि ऊटीच्या सरकारी कारखान्याची इंदू या फिल्म पुष्कळ वापरात होत्या. ओर्वो हे नाव १९६४ साली प्रचारात आले, त्यामुळे काठावर ते दिसले तर तो रोल त्यापूर्वीचा नाही एवढे निश्चित होते.

निगेटिव्ह उलटी ठेवली गेली तर सारे चित्र आरशातल्याप्रमाणे उलटते. ज्या बाजूला चकाकी कमी ती रासायनिक थराची बाजू असते. सामान्यतः पाटी वाचून हे लगेच तपासता येते, परंतु तुमच्या संग्रहात उर्दू पाट्या बऱ्याच असणार आणि ज्यांना उर्दू वाचता येत नाही त्यांना उलटलेली उर्दू पाटी सरळच वाटते. म्हणून शक्य तेथे त्याच चौकटीतील मराठी किंवा गुजराती अक्षरांवरून खात्री करून घ्यावी आणि फक्त उर्दू असेल तेथे ती भाषा वाचणाऱ्या व्यक्तीला दाखवावे.

उत्तर: लोदहून

मी इस्रायलमधील लोद शहरातून लिहितो. आमचे घराणे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, मूळचे अलिबाग तालुक्यातले, आणि आजोबांच्या काळापासून मुंबईत मांडवीला राहिलेले. घरात आजही मराठी बोलली जाते.

सॅम्युअल स्ट्रीटच्या दारातील वृद्ध गृहस्थांविषयी वाचून मन भरून आले. त्या रस्त्यावरील शाआर हारहमीम हे सिनॅगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले आणि मुंबईतील ते सर्वांत जुने आहे. दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटका झाल्यावर कृतज्ञता म्हणून त्यांनी हे प्रार्थनास्थळ उभारले, अशी हकिगत आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमच्या लोकांची त्या भागात दाट वस्ती होती. इस्रायलची स्थापना १९४८ साली झाल्यानंतर पुढील दोन-तीन दशकांत बहुसंख्य कुटुंबे येथे आली, काही उपनगरांत आणि ठाण्याला गेली. त्यामुळे तुमच्या वडिलांनी १९६०च्या दशकात त्या रस्त्यावर जे टिपले असेल ते एका निघून चाललेल्या वस्तीचे चित्र आहे, आणि आमच्यापैकी अनेकांकडे त्या रस्त्याचे एकही छायाचित्र नाही. घरचे जे आहे ते लग्नातले आणि स्टुडिओतले आहे.

समाजवार विभाग करू नयेत हे मत मलाही पूर्णपणे पटते, आणि त्याला मी माझ्या बाजूने एक कारण जोडतो. ‘ज्यू’ असा विभाग केला तर त्यात कोण येईल? भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनॅगॉग १८६४ साली डेव्हिड ससून यांनी बांधले. ते बगदादी ज्यू. त्यांची घरची भाषा अरबी आणि पुढे इंग्रजी, तर आमची मराठी. आमच्या आज्या नऊवारी नेसत, हातांत हिरव्या बांगड्या घालत आणि रस्त्यात उभ्या राहिल्या तर शेजारच्या मराठी बाईंपासून त्यांना कोणी वेगळे ओळखू शकत नसे. ओळखता येऊ नये असे त्यांनी काही केले नव्हते, त्या होत्याच तशा. छायाचित्रात पाहून आपण त्यांना बिनदिक्कत ‘मराठी’ विभागात टाकू आणि त्यांचे अस्तित्व त्या रस्त्यावरून दुसऱ्यांदा जाईल.

घर कोणाचे होते हे समजून घ्यायचे असल्यास माणसाकडे न पाहता दाराच्या चौकटीकडे पाहावे. आत जाताना उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर बसवलेली लहानशी नळी दिसली तर तो मेझुझा, म्हणजे धर्मवचने आत ठेवलेली नळी, आहे आणि ते घर आमच्यापैकी कोणाचे तरी होते. घर सोडून गेल्यावरही पुष्कळदा त्याचे खिळे किंवा रंगातला ओरखडा तसाच राहतो, म्हणून मोठे करून पाहावे. शनिवार हा आमचा विश्रांतीचा दिवस, म्हणून पाकिटावर शनिवारची नोंद असेल आणि एखादे दार बंद असेल तर तीही माहितीच समजावी.

आपण परवानगी दिल्यास त्या वृद्ध गृहस्थांचे छायाचित्र मी येथील ज्येष्ठांना दाखवीन. मुंबईत त्या रस्त्यावर वाढलेली माणसे लोद, अश्दोद, दिमोना, बीर शेवा येथे अजून आहेत, परंतु त्यांचे वय पाहता हे काम लवकर व्हावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: अंजीरवाडी

सर्वांची मनापासून आभारी आहे. समाजवार विभागांचा विचार मी सोडून दिला आहे आणि रोलच्या क्रमानेच नोंदी करण्यास आरंभ केला आहे. ते छायाचित्र लोदला जरूर पाठवते.

मात्र दोन प्रकारच्या चौकटींविषयी अजून निर्णय होत नाही. काही पाकिटांवर ‘जानेवारी ९३’ असे लिहिले आहे. त्यांत बंद दुकाने, जळालेली हातगाडी आणि रिकाम्या रस्त्याच्या कडेला उभी असलेली काही माणसे आहेत. दुसरीकडे खिडकीत केस विंचरणारी एक बाई आणि गल्लीत खेळणारी लहान मुले यांची फार सुंदर छायाचित्रे आहेत. त्या दोन्हींचे काय करावे?

उत्तर: इमामवाडा

ताई, मी डोंगरीत वाढलो. आम्ही कोकणी मुसलमान; आजोबा श्रीवर्धनहून आले आणि घरात कोकणी मराठी, बाहेर उर्दू असे आमचे चालते. खिडकीतल्या बाईंविषयी आधी लिहितो, कारण तेथे माझ्या मनात शंका नाही. ते छायाचित्र कितीही सुंदर असले तरी सर्वांपुढे ठेवू नका. रस्ता सर्वांचा आहे, खिडकीच्या आतली खोली नाही. या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरच्या घरातले सारे काही दिसते, आणि म्हणूनच पाहून न पाहिल्यासारखे करणे ही तेथील शेजारधर्माची पहिली रीत आहे. त्या बाई हयात असतील तर त्यांना किंवा त्यांच्या मुलांना प्रिंट द्या आणि पुढचा निर्णय त्यांच्यावर सोपवा.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. ती मुले आता पन्नाशीच्या आसपास असतील आणि स्वतःला पाहून त्यांना आनंदच होईल. परंतु त्यांना ती मिळावीत कशी याचा विचार करा. संगणकावर टाकलेले छायाचित्र त्या गल्लीतल्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. मोठे प्रिंट काढा आणि एखाद्या दुपारी नूर बाग किंवा इमामवाड्याच्या चहाच्या हॉटेलात घेऊन बसा. मालकाला आधी सांगून ठेवा. तासाभरात नावे, घरांचे मजले, कोण कोठे गेले, कोणाचे लग्न कोणाशी झाले हे सारे तुम्हांला ऐकू येईल. ते प्रत्येक प्रिंटच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून घ्या. चुकीचीही माहिती येईल, पण दोघे भिन्न सांगत असतील तर दोन्ही लिहा.

भेंडीबाजारातील छायाचित्रांच्या बाबतीत हे काम तातडीचे आहे. तेथे सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती पाडून उंच इमारती बांधण्याची योजना २००९पासून चालू आहे. तीन हजारांहून अधिक कुटुंबे तिच्या कक्षेत आहेत. मी या योजनेच्या विरोधात नाही. २०१७च्या ऑगस्ट अखेरीस पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर जुन्या लाकडी जिन्यांच्या सौंदर्याविषयी बोलताना माझी जीभ अडखळते. ते जिने ज्यांना रोज चढावे लागत होते त्यांना नवे घर मिळायलाच हवे. तरीही कोणत्या दाराशेजारी कोणते दार होते, नळावर कोण कोणाच्या मागे उभे राहत होते, हे त्या जिन्यांसोबत जाते, आणि ते तुमच्याकडे राहिले असेल.

आता जानेवारी ९३. त्या दिवसांत आणि त्यापूर्वीच्या डिसेंबरात आमच्या भागात काय झाले हे मी येथे लिहीत बसत नाही. मुंबईतील त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ते नोंदलेले आहे. मार्चच्या १२ तारखेला बाँबस्फोट झाले, त्यांतला एक मसजिद बंदराच्या काथा बाजारात झाला, म्हणजे तुमच्या वडिलांच्या कचेरीच्या परिसरातच. त्यानंतर कॅमेरा हातात घेतलेल्या माणसाकडे आमच्याकडे बराच काळ संशयाने पाहिले जाई, आणि त्यात लोकांची चूक नव्हती. कोणत्या छायाचित्रावरून कोणाला उचलले जाईल याची भीती खरी होती. अशा काळातही तुमच्या वडिलांना तेथे उभे राहून छायाचित्र काढू दिले गेले, याचा अर्थ गल्ली त्यांना ओळखत होती.

हे रोल नष्ट करू नका आणि लपवूही नका. तारीख, रस्ता आणि दिशा यांची अचूक नोंद करून ते वेगळे ठेवा आणि पुढेमागे एखाद्या अभिलेखागाराकडे सोपवा. रिकाम्या रस्त्यांची आणि बंद दुकानांची छायाचित्रे दाखवायला हरकत नाही. ज्या चौकटींत चेहरे ओळखू येतात त्या मात्र ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्या संमतीशिवाय खुल्या करू नयेत. भिऊन रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस तीस वर्षांनी स्वतःला त्या भीतीत पाहू इच्छितो की नाही, हे आपल्याला त्याच्या वतीने ठरवता येणार नाही. मोहरमच्या छायाचित्रांनाही हेच लागू करावे. मातम (छाती पिटून शोक) करणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवण्यापेक्षा जुलूस, अलम (निशाणे), सबिलीवर (पाणपोईवर) पाणी वाटणारे हात आणि त्या सबिलीपुढे थांबलेले सर्व प्रकारचे लोक दाखवा. पाणी प्यायला कोण कोण थांबत असे ते तुमच्या वडिलांच्या चौकटींत नक्की दिसेल.

उत्तर: साताऱ्याचा

माझे आजोबा आणि वडील दोघेही नरशी नाथा स्ट्रीटवर माथाडी कामगार होते. या चर्चेत सर्व धर्मांचा आणि भाषांचा उल्लेख आला, त्याचा आनंद आहे. परंतु हातगाड्यांच्या छायाचित्रात पोती वाहणारी माणसे आहेत, त्यांच्याविषयी कोणी काही विचारले नाही, म्हणून लिहितो.

मसजिद बंदरच्या जुन्या छायाचित्रांखाली मी नेहमी ‘गर्दीचा बाजार’ असे काहीतरी वाचतो. त्या गर्दीतली निम्मी माणसे सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेली होती. ती कामाच्या जागीच किंवा गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि सणाला गावी जात. धान्य कच्छी व्यापाऱ्याचे, गोदी सरकारची, गाडी बोहरी मालकाची आणि पाठ आमची, असा तो व्यवहार होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभी राहिली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यानंतर या कामाला नोंदणी आणि संरक्षण मिळाले. पुढे कांदा-बटाट्याचा बाजार आणि मग धान्य, मसाल्याचा बाजार वाशीला गेला आणि या रस्त्यांवरची ती ओझी कमी झाली.

म्हणून माझी विनंती अशी की मथळ्यात काम लिहावे. माणसाचे नाव ठाऊक नसेल तर त्याचे काम तरी ठाऊक असते: पाठीवर पोते घेतलेला, हातात आकडा असलेला, डोक्यावर चुंबळ ठेवलेला, गाडी मागून रेटणारा. गाडी ओढणारा आणि रेटणारा हे दोन निरनिराळे लोक असतात आणि मागच्याला समोरचा रस्ता दिसत नाही, एवढे जरी नोंदले तरी छायाचित्र पाहणाऱ्याची नजर योग्य जागी जाईल. या माणसांची छायाचित्रे बहुधा पाठीमागून काढलेली असतात, कारण ती थांबू शकत नाहीत. तुमच्या वडिलांनी कोणाला समोरून टिपले असेल तर ती चौकट कृपया आम्हांला दाखवा. आमच्या लोकांपैकी कोणीतरी ओळखेल.

उत्तर: दुपारचे_ऊन

इमामवाडा आणि साताऱ्याचा यांनी जे लिहिले त्यात मला भर घालायची नाही. मथळा कसा असावा याचा एक नमुना देतो आणि कायद्याविषयी थोडे लिहितो.

मथळ्यात जे दिसते ते आधी लिहावे, पाकिटावरची नोंद अवतरणचिन्हांत द्यावी, आणि अनुमान असेल तेथे ते अनुमान आहे असे सांगून त्याचा आधार द्यावा. उदाहरणार्थ: ‘चकला स्ट्रीट, उत्तरेकडे पाहताना. पोत्यांनी भरलेल्या हातगाड्या. पहिली गाडी ओढणारा आणि तिला रेटणारे दोघे. भिंतीवर गुजराती, उर्दू, मराठी आणि इंग्रजी पाट्या. पाकिटावर “संध्याकाळ”. पाटीवर सहा आकडी पिनकोड असल्यामुळे १९७२ नंतर.’ नवाब टँकच्या छायाचित्रात जर तेथील १९१९ साली बांधलेले चिनी मंदिर असेल तर तसे लिहा, परंतु एखादे खासगी घर असण्याचाही संभव आहे, म्हणून जागेवर जाऊन दार जुळवून पाहिल्याशिवाय मंदिर म्हणू नये. म्हातारपाखाडीतील घरे जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या गावठाणातली आहेत एवढे सांगितले तर लोकमान्य टिळकांच्या या सहकाऱ्याचे नाव मराठी वाचकाला लगेच जोडता येईल. घर नेमके कोणाचे हे मात्र तेथील रहिवाशांनाच विचारावे.

भारतीय कायद्याप्रमाणे छायाचित्राचा स्वामित्वहक्क काढणाऱ्याचा असतो आणि आता तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तुमच्या वडिलांनी ही छायाचित्रे स्वतःच्या आवडीने, कोणाकडूनही मोबदला न घेता काढली असल्यामुळे हा हक्क आज त्यांच्या वारसांकडे आहे. एखादी संस्था प्रदर्शनासाठी किंवा पुस्तकासाठी मागणी करील तेव्हा मूळ निगेटिव्ह हातात देऊ नका, स्कॅन द्या, आणि वापराच्या अटी लेखी ठरवा. प्रत्येक छायाचित्राखाली वडिलांचे पूर्ण नाव असलेच पाहिजे ही पहिली अट ठेवा. छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला यांची मुंबईतील आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात होती आणि त्यांचे श्रेय त्यांच्यापर्यंत पोहोचायला फार काळ जावा लागला.

तुमच्या भावंडांची संमतीही आताच लेखी घेऊन ठेवा, कारण हक्क सर्व वारसांचा मिळून असतो. पहिला रोल म्हणून मी तुमच्या जागी ‘खडक, दुपार’ हे पाकीट घेईन, कारण त्या गल्ल्यांतल्या इमारती झपाट्याने बदलत आहेत आणि जागा ओळखू शकतील अशी माणसे आज तेथे आहेत.